कार्डाची पाठ

मी चौथीपर्यंत शिकले. वरच्या मजल्यावरच्या सरांना तीन पदव्या होत्या. तरी आमचं दोघांचं काम एकच होतं, जोडून द्यायचं. मी मुलं-मुली जोडून द्यायची आणि ते कॉम्प्युटरमधल्या दोन पद्धती. मी जोडलेली बहुतेक टिकली. त्यांच्या जोडणीचं काय झालं ते सांगते.

नारायण पेठेत तळमजल्यावर आमच्या पुढच्या खोलीत माझं वधूवर सूचक केंद्र होतं. मिस्टर गेल्यावर सुरू केलं. सगळा कारभार बुटांच्या खोक्यांत. एका स्थळाचं एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. पुढच्या बाजूला शाईने नाव, उंची, शिक्षण, गोत्र, नोकरी. पाठीमागे पेन्सिलीने मला दिसलेलं. 'मुलाला विचारलं की आई उत्तर देते.' 'इंजिनियर म्हणतात, कॉलेज कुठलं ते कोणीच सांगत नाही.' 'मुलगी हसते, बाप बघतो, मग थांबते.' पुढची बाजू कोणालाही दाखवायची. पाठ माझी एकटीची. ती कोणी कधी पाहिली नाही म्हणून लोक मला खरं सांगत, आणि लोक खरं सांगत म्हणून केंद्र चाले. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

सर आमच्या डोक्यावर राहत, ते आणि त्यांची आई. चाळिशीला आलेले, उंच, दारातून जाताना उगाचच वाकणारे. खिशाला पेन लावण्याऐवजी खडू ठेवत. बुधवार पेठेत टेपरेकॉर्डरच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांची आईसुद्धा म्हणायची, पण तिचा सूर वेगळा असे. "सर, पाणी गेलंय, बादली भरली होती का?"

जिन्याच्या भिंतीवर त्यांनी खडूने चौकोन काढलेले असत आणि चौकोनातून चौकोनात जाणारे बाण. दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरता उतरता त्यांना काही सुचायचं. मग दूध तिथेच पायरीवर. मी ओल्या फडक्याने भिंत पुसायची आणि ते हळहळायचे.

"काकू, तो माझा आराखडा होता."

"ती आमची भिंत होती."

ते आधी एका मोठ्या कंपनीत होते. तिथे म्हणे दोन तट होते, आणि तट असले की पुणेकराला एकात तरी जागा मिळतेच. ह्यांनी दोन्ही तटांना जाऊन तुमचं चुकतंय म्हणून सांगितलं. दोन्हीकडून बाहेर पडले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की कोणाला वाटावं सत्कार झाला.

ते तट कसले, ते मला त्यांनी दिवाळीत समजावलं. मी फराळ डब्यांत भरत होते.

"काकू, सगळे लाडू एका डब्यात, सगळ्या चकल्या दुसऱ्या डब्यात, शेव तिसऱ्यात. ही झाली टेबलांची पद्धत. सारखं सारख्याबरोबर. नीटनेटकं, मोजायला सोपं. पण पाहुणा आला की तुम्ही काय करता?"

"बशी भरते."

"बरोब्बर! बशीत प्रत्येकातलं थोडं. ती अख्खी बशी एका माणसाची. हे झालं ऑब्जेक्ट. एक तट म्हणतो, जगात फक्त डबे आहेत. दुसरा म्हणतो, फक्त बशा आहेत. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही अपुरे. ठेवायचं डब्यांत, पण वापरणाऱ्याला वाटलं पाहिजे आपल्यापुढे बशीच आहे. ही जोड मी शोधतोय."

"हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय," मी म्हटलं. "त्यात शोधायचं काय?"

"तुम्ही हाताने करता. मला ते आपोआप व्हायला हवंय."

चकली खात खात ते पाऊण तास बोलले. मध्ये मी तुळशीला पाणी घालून आले, तरी ते स्वयंपाकघरात डब्यांना सांगतच होते.

'दोन्ही बरोबर, आणि दोन्ही अपुरे' हे त्यांचं पालुपद. इमारतीत पाण्याच्या पंपावरून दोन बिऱ्हाडं भांडली तेव्हाही ते मध्ये पडून हेच म्हणाले. त्याचा एक फायदा झाला. ती दोन बिऱ्हाडं एक झाली आणि ह्यांच्याशी बोलायची बंद झाली.

एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण होता. आम्ही सगळी वर तीर्थप्रसादाला. सर दिसेनात. ते बाहेर जिन्यात चपला लावत होते. कोल्हापुरी एका पायरीवर, बायकांच्या सँडल दुसरीवर, काळे बूट तिसरीवर, आणि प्रत्येक जोडाला खडूने नंबर. कोणाचा कुठला नंबर ती यादी कागदावर. विद्यार्थ्यांना डबे आणि बशी प्रत्यक्ष दाखवायची होती म्हणे. आता नंबर घातला होता चपलांच्या तळाला, आणि यादी राहिली देवाच्या पाटाखाली. पूजेचा पाट हलवायचा नसतो. सदाशिव पेठेतल्या एक बाई उजव्या पायात स्वतःची आणि डाव्या पायात माझी घालून घरी गेल्या. वय झालेल्या होत्या, त्यांना कळलंही नसावं. मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना तिकडे पाठवलं तर ते चप्पल आणायची विसरून त्यांच्या नातवाला पद्धत समजावून आले.

आता ह्या माणसाला मी माझ्या खोक्यांना हात लावू दिला, ती माझी अक्कल.

पण दिवस तसेच आले होते. ज्या मुलाचं कार्ड काढावं त्याच्यावर 'कॉम्प्युटर'. आधी सांगायचे मुलगा बँकेत चिकटला, आता सांगायला लागले मुलगा अमेरिकेला चिकटतोय. डेक्कनवर एक नवं केंद्र निघालं, तिथे कॉम्प्युटर जोड्या काढतो म्हणायचे. माझ्याकडे आलेल्या आया खोक्यांकडे बघून विचारायच्या, "अजून हातानेच का?" जसं काही मी त्यांना रॉकेलच्या दिव्यात बसवलं होतं.

सरांनी हे जिन्यात ऐकलं आणि आत आले.

"काकू, तुमची खोकी म्हणजे माझ्या जोडणीला देवाने धाडलेली परीक्षा आहे."

"पाठ टाइप करायची नाही," मी पहिल्यांदा हेच सांगितलं.

ते दुखावले. "पाठ गाळली तर माणूस अपुरा राहील. अहो, ऑब्जेक्टची मजाच ती. त्याला आत-बाहेर असतं. बाहेरचं सगळ्यांना दिसतं. आतलं आतच राहतं, मागितलं तरी कोणाला मिळत नाही. तुमची पाठ आत राहील. खोक्यापेक्षा सुरक्षित."

"शपथ?"

"शपथ कशाला? तत्त्वच आहे ते."

माणूस तत्त्व म्हणाला की सावध व्हावं. मी झाले नाही.

क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी रिक्षातून आणून माझ्या शिवणाच्या टेबलावर मांडला. रोज दुपारी दोन ते पाच टाइप करायचे. भांडणं रोज. ते म्हणाले, आधी एक मूळ व्यक्ती मांडायची, मग वर आणि वधू हे तिचे वारस.

"मुलगी वारस?" मी म्हटलं. "हे फक्त तुमच्या कॉम्प्युटरमध्येच हं."

मग रिकाम्या जागांवरून वाजलं. माझ्या कार्डांवर मी काही जागा मुद्दाम कोऱ्या ठेवायची.

"काकू, ह्या मुलाच्या नोकरीपुढे काहीच नाही. माहिती मिळाली नाही का?"

"मिळाली. म्हणून कोरी आहे."

"म्हणजे?"

"नोकरी गेलीय. ते लिहिलं तर मुलाचं वाईट, नाही लिहिलं तर मुलीचं. कोरी जागा बघून शहाणी माणसं विचारतात. मग मी सांगते."

ते बराच वेळ खडू चघळत बसले. "हे टेबलात बसत नाही," शेवटी म्हणाले. मग म्हणाले, "बशीतही बसत नाही." इतकं खूश होऊन बोलले, की मी चहा टाकला.

त्याच दिवसांत माझं एका मुलीवर लक्ष होतं. शाळेत गणित शिकवायची. सरळ बोलणारी, डोळ्याला डोळा देणारी. तिची आई एका सोमवारी आली होती. सोमवारी केंद्र बंद असतं, सोमवारी येणारी बाई काहीतरी सांगायला येते. मुलीला लहानपणी फिट यायच्या. दहाव्या वर्षापासून एकही नाही, डॉक्टरांनी औषधही बंद केलेलं. "लपवायचं नाही," आई म्हणाली, "पण कार्डावर नको. घर समजूतदार बघा. मुलाशी ओळख झाली की मुलगी स्वतः सांगेल." मी पाठीवर लिहिलं, 'लहानपणी फिट, आता नाही. समजूतदार घर. मुलगी स्वतः सांगणार.'

कोथरूडचं एक घर मला पसंत पडलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये, अमेरिकेला निघालेला, पण शेंडा बुडखा असलेला. पाहणं झालं. दोघं एकदा बाहेर कॉफी पिऊन आली. मुलगी येऊन मला म्हणाली, "काकू, रविवारी भेटतोय. तेव्हा सांगणार आहे." कशी सांगणार तेही तिने ठरवलं होतं. मला म्हणून दाखवलं. तीन वाक्यं होती, गणिताच्या बाईला शोभतील अशी. तिला एवढंच हवं होतं, की हे तिच्या तोंडून कळावं.

त्याच आठवड्यात सरांचं काम पुरं झालं. प्रत्येक मुलाच्या घरी त्याला जुळणाऱ्या पाच मुलींचे कागद पाठवायचे, आणि मुलींच्या घरी मुलांचे. कागद छापणं सुरू झालं. सरांची जोडणी डब्यांतून बशी भरून देत होती खरी, पण एक बशी भरायला तास जायचा. दुपारपर्यंत चार कागद निघाले. मी म्हटलं, असंच चाललं तर ह्या मुलांची मुलं लग्नाला येतील.

"एवढ्या वेळेला थेट डब्यांतूनच छापतो," सर म्हणाले. "माहिती तीच आहे."

मग भराभर निघाले, कर्रकर्र करत, कडेला भोकं असलेले कागद. मी कडा फाडल्या, घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली. वाचलं नाही. छापलेलं आहे म्हणजे बरोबर असणार, असं मलाही वाटलं. चौथी शिकलेल्या बाईला छापील कागदाचा धाक असतो, आणि तीन पदव्यांच्या माणसाला नसतो. दोघांनीही वाचलं नाही.

आत-बाहेर होतं ते बशीला. डब्याला आत-बाहेर नसतं. डब्यात जे आहे ते सगळं आहे. प्रत्येकाच्या कागदाच्या तळाला एक ओळ छापून गेली होती, 'शेरा', आणि पुढे माझी पाठ.

शुक्रवारी सकाळी कोथरूडहून मुलाच्या आईचा फोन आला. कॉम्प्युटरनेही त्यांच्या मुलासाठी पहिली तीच मुलगी काढली होती. छापण्याआधी पडद्यावर पाहून त्यावरून सरांनी माझ्यापुढे मिरवून घेतलं होतं. "बघा, तुमची आणि माझी निवड एकच!" ती बाई फोनवर ओरडली नाही. "आमचं घर समजूतदार आहे हे कळलं," म्हणाली. "पोस्टाने कळायला नको होतं."

मी वर गेले. सरांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि खाली बसले.

"झाकलेली वाटी तुम्ही डब्यात ओतलीत," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "काकू, एवढ्या सोप्या शब्दांत मला कोणीच..."

"शर्ट घाला. कोथरूडला जायचंय."

ते बरोबर आले ही माझी दुसरी चूक. मला वाटलं, चूक केली त्याने माफी मागावी. माफी दोन शब्दांची असते. सरांना दोन शब्दांत काही येत नव्हतं. कोथरूडच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, चौकोन आणि बाण.

"मुलीत दोष नाही," त्यांनी सुरुवात केली. "दोष आराखड्यात आहे."

मुलाचे वडील पेन्शनीतले, ताठ. त्यांनी फक्त 'दोष' ऐकलं. "अहो, ते ठेवा. मुलीला फिट येते की नाही, तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. सर आधी बोलले. "क्षमा करा. ती माहिती खाजगी आहे."

आता! गावभर पाकिटं गेल्यावर ह्यांना तत्त्व आठवलं.

"म्हणजे येते," वडील म्हणाले.

"येत नाही हो," मी म्हटलं. "दहा वर्षांची होती तेव्हा थांबल्या. मुलगी रविवारी स्वतः सांगणार होती."

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही स्थळ दाखवलंत. आता तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

उत्तर सरांनी दिलं. त्यांनी कागद उलटा केला आणि डबे-बशी सांगायला लागले. वडील उठून आत गेले. आई आत गेली. मुलगा दारात उभा होता, तो थोडा वेळ थांबला. कॉम्प्युटरमधला होता, त्याला ते कळत असावं. मग तोही गेला. सर समोरच्या रिकाम्या सोफ्याला सांगत होते, की मुळात ठेवण्याची जागा आणि दाखवण्याची जागा वेगळी असते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. रिक्षात म्हणाले, "त्यांना पटत आलं होतं."

ते जमत आलेलं लग्न मोडलं.

मुलगी शनिवारी आली. रडली नाही. म्हणाली, "काकू, माझं कार्ड द्या."

दिलं. तिने पाठ वाचली. पेन्सिलीचं अक्षर, तिसरी ओळ, 'मुलगी स्वतः सांगणार.' त्यावर बोट ठेवलं.

"सरांनी छापलं ते कळलं. पण तुम्ही लिहिलंतच कशाला? लक्षात राहिलं नसतं?"

राहिलं असतं. मला प्रत्येक स्थळ तोंडपाठ होतं. कार्ड समोर नसतानाही मी पाठीवरचं घडाघडा सांगितलं असतं. मग लिहीत का होते? लिहिलं की आपल्याला माणूस कळला असं वाटतं, म्हणून. हे मी तिला सांगितलं नाही. ती कार्ड पर्समध्ये घालून गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. तिचं कार्ड माझ्याकडे नाही.

मी सरांना म्हटलं, कॉम्प्युटरातल्या पाठी काढा. त्यांनी दोन-चार कळा दाबल्या. "काढल्या," म्हणाले.

"सगळ्या?"

"एक रकाना काढला. सगळ्यांच्या एकदम जातात."

मला खोडरबराने अकरा दिवस लागले.

पाकिटं गोळा करायला मी घरोघर गेले. काहींनी दारातून दिली, काहींनी दार उघडलं नाही. स्वारगेटजवळच्या एका बाईंनी मात्र हसत हसत दिलं. "बाकीचं जाऊ दे हो, पण ह्या एका मुलाचा शेरा वाचून आमच्या घरात सगळे लोळले." त्यांच्या मुलीला जुळणारा म्हणून कॉम्प्युटरने सरांनाच काढलं होतं. तळाला छापलं होतं, 'समोरचा उठून गेला तरी समजावत राहतो. सुचवू नये.'

ते माझंच. त्यांच्या आईने आठ वर्षांपूर्वी त्यांचं नाव घातलं होतं, तेव्हाचं. तेव्हापासून दर सोमवारी ती खाली यायची आणि विचारायची, "आहे का एखादं?" आणि मी दर सोमवारी म्हणायची, "बघतेय." आठ वर्षांत त्यांचं नाव एकालाही सुचवलं नव्हतं.

जिन्यात सर भेटले तेव्हा मी कागद पुढे केला. "टाइप करताना हे वाचलंत?"

"वाचलं."

"मग गाळायचं की. तुमच्याच हातात होतं."

"ते कसं गाळणार?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मग मी अपुरा राहिलो असतो." आणि खडू घेऊन भिंतीकडे वळले.

नंतर वर्षभरात ते क्लास सोडून गेले, गावाबाहेर कुठल्याशा कंपनीत. अलीकडे माझ्या भाच्याचा मुलगा म्हणाला, तशी जोडणी आता तयार मिळते, फुकट, सगळे वापरतात, कोणी केली कोणी विचारत नाही. मी विचारलं, आतलं आत राहतं का? म्हणाला, लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे अजून सगळे तिथेच आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या अकरा दिवसांनंतरच्या सोमवारचं. सरांची आई नेहमीप्रमाणे खाली आली, पाटावर बसली, गुडघे चोळले. "आहे का एखादं?"

पाठी कोऱ्या झाल्या होत्या. आता जे असेल ते तोंडावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. म्हटलं, "नाही. आणि मी बघतही नव्हते. आठ वर्षांत एकदाही त्यांचं नाव कुठे सुचवलं नाही. सुचवू नये असं लिहून ठेवलं होतं."

ती गुडघे चोळत राहिली.

"माहीत आहे," म्हणाली. "टाइप केलं त्याच दिवशी सरांनी वर येऊन मला वाचून दाखवलं. जेवले नाहीत, आधी तेच. म्हणाले, आई, ह्या बाईंनी एका ओळीत अख्खा माणूस बसवलाय. मला दहा टेबलांत बसवता आला नाही."

मी खोक्याचं झाकण लावायला घेतलं.

"फक्त अक्षर फार वाईट आहे म्हणाले."

ते मात्र मला लागलं. चौथीत अक्षरात माझा पहिला नंबर होता.